साडेएक

भांडुपच्या पतपेढीतून फोन आला:
मॅडम, पावतीवर ‘अक्षरी रुपये साडेएक लाख फक्त’ छापलंय,
खातेदार हसतोय, सही करत नाही.

हसणारच.
साडेतीन असतात, साडेनऊ असतात,
साडेएक कुणाच्या बापाने मोजलेलं नाही.
दीड असतो. अडीच असतात.
या दोघांचे लाड भाषेनं वेगळे केले
आणि यंत्राला ते कुणी कळवलंच नाही.

उकलत गेले.
आमच्या पावतीच्या पोटात दुसऱ्याचं मॉड्यूल,
त्याच्यात तिसऱ्याचं,
मशीद बंदरला काचसामान उघडावं तसं,
खोक्यात खोकं, मध्ये पेंढा,
आणि अगदी तळाशी, एकशेदहा ओळींचं,
दिडकी.
आवृत्ती शून्य पूर्णांक तीन.
लेखक हेरंब चुरी, दहिसर.
शेवटचा हात नऊ वर्षांपूर्वी, रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी.
बाविसाव्या ओळीशेजारी त्यानंच लिहिलेलं:
‘साडेएक नाही, दीड म्हणतात. उद्या बघतो.’

नाव दिडकी, आणि त्यालाच दीड येत नव्हतं.
दिडकी मोल न घेता वाटलेलं,
बावन्न पतपेढ्या त्याच्यावर उभ्या,
एक साखर कारखाना,
आणि का कोण जाणे, लिस्बनमधलं एक दुकान.

दुरुस्ती पाठवली. कुणी उघडली नाही.
पत्र टाकलं, ते परत आलं.
शेवटी बहिणीचा नंबर मिळाला.
हेरंब गेला हो, पाच वर्षं झाली.
पासवर्ड? त्याचा फोनसुद्धा उघडला नाही आम्हाला.
मग म्हणाली, त्याचे पैसे यायचे का काही?
नाही.
आणि लोक वापरतात?
हो.
किती?
मी आकडा सांगितला. तिनं तो पुन्हा विचारला.

गेलेल्याचं नाव दुसऱ्याला देत नाहीत तिथे.
नियम बरोबर आहे: ओळखीचं लेबल बघून
लोक डबा उघडून न बघता घरात घेतात.
आमच्यात आजोबांचं नाव नातवाला जातं,
पण नातू काही आजोबांच्या चेकवर सही करत नाही.

मग नवं नाव शोधा.
अंक गेलेलं. गणती गेलेलं.
अक्षरी कुणीतरी चार वर्षांपूर्वी अडवलेलं,
आत काही नाही,
निळे पत्रे ठोकलेला कांजूरचा प्लॉट जसा.
प्रणित म्हणाला, ‘मराठी-नंबर-प्रो-दोन’ ठेव.
म्हटलं, हे नाव आहे की गाडीची पाटी?
नाव असं हवं की समोरच्या गाळ्यातून हाक मारता यावी.

बाबा दाणाबंदरला पोती मोजायचे.
पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ,
आणि सगळ्यात शेवटी औटकी:
औट म्हणजे साडेतीन,
बे औटे सात, तीन औटे साडेदहा,
पेन्सिल कानावर, कधी हातात घेतलीच नाही.
औट आता कुणी बोलत नाही.
म्हणून जागा मोकळी होती.

औटकी. लहान लिपीत, रोमन, त्यांचा कायदा.
परदेशातले ऑटकी वाचतात. वाचू देत.
माहितीपत्रक लिहिलं: काय करतं, काय करत नाही.
परवाना: घ्या, मोडा, जोडा, नावं तेवढी राहू द्या.
लेखकांत हेरंब चुरी आधी, खाली मी.
पहिली चाचणी: एक पूर्णांक पाच दिलं की दीड.
हिरवी खूण आली.
बाविसाव्या ओळीशेजारचं त्याचं वाक्य पुसायला गेले,
ठेवलं.

बावन्न ठिकाणी कळवलं, दिडकी काढा, औटकी घाला.
एकोणीस जणांनी घातली.
लिस्बनहून उत्तर नाही.

आठवड्याने कोल्हापूरच्या कुणा सुलभा इंगवल्यांची तक्रार:
‘सव्वाएक लाख छापतंय. सव्वा लाख म्हणतात.’
बरोबर आहे त्यांचं.
रात्रीचे पावणेदोन वाजलेत.
त्या ओळीशेजारी मी लिहिलं,
उद्या बघते.